माणूस समोर पाहिजे

पांचाळ आर्टिस्टांना मोबाईलवरचा फोटो दाखवला की ते डोळे मिटून घेतात. नको म्हणत नाहीत, तोंडही फिरवत नाहीत. नुसते डोळे मिटतात आणि फोन खिशात गेला असं वाटेपर्यंत तसेच उभे राहतात. आमच्या केंद्रप्रमुखांनी एकदा मोठ्या कौतुकानं त्यांना आपल्या नातवाचा फोटो दाखवला. आर्टिस्टांनी डोळे मिटले. साहेबांना वाटलं, ह्यांना चक्कर आली. त्यांनी पाणी मागवलं. पाणी आणायला मी पळालो, आणि परत आल्यावर दोघांचीही माफी मागितली.

माफी मागायची मला सवयच आहे. शाळेच्या नळाला पाणी आलं नाही, तरी आपलंच काहीतरी चुकलं असं मला वाटतं. पण पांचाळ आर्टिस्ट शाळेत होते त्या दोन-अडीच महिन्यांत मी जितक्यांपुढं हात जोडले, तितक्यांपुढं उभ्या नोकरीत जोडले नव्हते. सरपंचांपुढं जोडले, स्वयंपाकीण मावशींपुढं जोडले, एसटीच्या कंडक्टरपुढं जोडले. स्वतः आर्टिस्टांनी मात्र एकदाही कुणाची माफी मागितली नाही. त्यांच्या वाट्याचीही मीच मागत होतो.

आमची शाळा आष्टी तालुक्यातल्या एका लहान गावातली, जिल्हा परिषदेची. मी तिथला मुख्याध्यापक. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. आमच्या शाळेला चित्रकलेचा शिक्षक कधी मिळालाच नाही, ह्याची मला कायम टोचणी होती. म्हणून पुण्याच्या एका संस्थेची योजना कळल्यावर मी लगेच अर्ज केला. योजना साधी होती. पोटापाण्यासाठी चित्रं काढणाऱ्या खऱ्या चित्रकारानं काही आठवडे शाळेतल्या मुलांबरोबर काम करायचं आणि शेवटी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं प्रदर्शन उघड्यावर भरवायचं. आमचं प्रदर्शन आष्टीच्या बसस्थानकावर ठरलं.

माझ्या मनातला चित्रकार म्हणजे दाढीवाला, झोळीवाला तरुण. आले पांचाळ. साठी ओलांडलेले, सफारी घातलेले, केसांना चप्प तेल लावलेले. बीडमध्ये त्यांचं छोटं दुकान आहे. तिथं ते तैलचित्रं काढतात. गिऱ्हाईक कोण, तर ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय असे लोक. ते आधार कार्डावरचा फोटो घेऊन येतात, नाहीतर लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, ज्यात शेजारच्याचा खांदा तसाच राहिलेला असतो. पांचाळ तो खांदा काढतात, जन्मात कोट न घातलेल्या माणसाला कोट घालतात, फेटा बांधतात. ‘हातात काठी देऊ का?’ असं वरून विचारतात. हे ऐकून माझा उत्साहच मावळला. मी मुलांसाठी चित्रकार मागितला होता.

पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना काहीही काढा म्हणून सांगितलं. सगळ्या वर्गानं दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि नदीकाठी झोपडी काढली. पांचाळांनी एका पोराचा कागद उचलला.

“ही नदी कुठली बे?”

“कागदावरची,” पोरगं म्हणालं.

“तुमच्या दारावरून काय जातं?”

“टँकर.”

“मग टँकर काढायला लाज वाटती का?”

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. डोंगर आणि सूर्य त्याला मीच शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी आर्टिस्टांनी जाहीर केलं की प्रत्येकानं आपल्या घरातलं एक माणूस काढायचं. ताणलेल्या मांजरपाटावर, खडूची भुकटी आणि डिंकाचा लेप देऊन, खऱ्याहून मोठा चेहरा. आणि फोटोवरून अजिबात नाही. “माणूस समोर पाहिजे,” ते म्हणाले. पुढं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही बरळायला लागलो, असं बायको सांगते.

आमच्या गावात माणूस समोर बसवणं किती अवघड आहे, हे बीडच्या माणसाला कसं कळावं? पुरुष पारावर बसतात, पण एका जागी बघत नाहीत. बायका बसतच नाहीत. बसल्या तर डाळ निवडतात, आणि चेहरा सुपात. जरा वर बघ म्हटलं की शेळी सोडायची आठवण होते. त्यात आर्टिस्टांचा नियम असा की पहिला तासभर मुलांनी हातात रेखाटायचा कोळसा धरायचा नाही. “हात खाली. आदी बघा.” तिसऱ्या दिवशी एक बाप शाळेत आला.

“सर, पोरगं काल तासभर माझ्याकडं नुसतं टकामका बघत बसलं. काय झालं त्याला?”

“चित्रकला आहे ती,” मी म्हणालो.

“मला भ्या वाटायलंय. माझं काय दुखणं-बिखणं त्याला कळलंय का?”

मी माफी मागितली.

सरपंचांनी आपल्या वाढदिवसाच्या बॅनरवरचा फोटो पाठवला. काळा गॉगल, मागं गुलाब, वर उडणारी कबुतरं. प्रदर्शनात आपण असावं ही त्यांची इच्छा, आणि ती गैर होती असं मला अजूनही वाटत नाही. आर्टिस्टांनी डोळे मिटले. “त्यांना म्हणावं, येऊन बसा. गॉगल काढून.” हा निरोप मी जमेल तितका मऊ करून पोचवला. सरपंच खरंच आले आणि तिसरीतल्या आपल्या पुतणीसमोर बसले. पण त्यांचे दोन फोन आलटून पालटून वाजत होते. आर्टिस्टांनी दोन्ही फोन काढून घेतले आणि खिचडीच्या तांदळाच्या पिंपात खुपसले. फोन तांदळात वाजत राहिले. सरपंच ताठ बसून होते, घाम पुसत होते. मावशी विचारत होत्या, “सर, आता ह्यातला तांदूळ कसा काढू? शिवायचं का त्याला?” मी सगळ्यांकडं बघून हात जोडत होतो.

तरी चित्रं होत गेली. कुणाच्या आजोबाचं नाक वाकडं झालं, कुणाची आत्या रागीट झाली, पण ओळखू येत होती. अडलं ते एकाच ठिकाणी.

सहावीतली सारिका आपल्या आईला, मंदाला, काढत होती. कपाळ झालं, डावा डोळा झाला, आणि मुकादमानं टोळीची गाडी ठरल्यापेक्षा आधीच आणली. तेलगावकडचा ऊस सुरू झाला होता. एका सकाळी मंदा आणि तिचा नवरा भांडीकुंडी, कोयते घेऊन ट्रॉलीत बसले आणि गेले. सारिका आजीजवळ राहिली, एक डोळा काढलेलं चित्र घेऊन.

बाकीच्या मुलींच्या आया भिंतीवर टांगल्या जाणार आणि आपली नाही, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. ती रडली नाही. फक्त रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारायची, “सर, माझी आई लागंल का भिंतीला?”

आर्टिस्ट म्हणाले, “नाही आली तर मोकळी चौकट टांगू.”

“अहो, त्या पोरीला काय वाटेल?”

“खरं तेच वाटंल.”

मी त्यांच्याशी भांडलो. भांडलो म्हणजे विनंती केली. सारिकाच्या बापाच्या फोनवरून मी मंदाचा एक फोटो मागवून घेतला आहे, त्यावरून उरलेलं पूर्ण होईल, असं सांगितलं. फोन पुढं केला. त्यांनी डोळे मिटले. मला त्या क्षणी त्या मिटलेल्या डोळ्यांचा इतका राग आला की जे करू नये ते मी केलं. दुसऱ्या दिवशी ते बीडला गेले असताना सारिकाला कार्यालयात बसवलं, भूगोलाच्या पुस्तकाला फोन टेकवून ठेवला आणि सांगितलं, काढ. पोरीनं पटापट काढलं. चित्र चांगलं झालं होतं. मी ते बाकीच्या चित्रांमध्ये लावून ठेवलं आणि आजीनं बसून वर्णन सांगितलं असं म्हणायचं ठरवलं.

आर्टिस्ट परत आले. चित्रांच्या रांगेपुढून चालत गेले आणि मंदापाशी थांबले.

“सारिका, ही बाई कुणाकडं बघतीय?”

सारिकानं चोरून माझ्याकडं पाहिलं.

“हा डावा डोळा तुझ्याकडं बघतोय. हा उजवा कॅमेऱ्याकडं बघतोय.”

मी पाहिलं. खरंच तसं होतं. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. आर्टिस्ट माझ्याकडं वळले. “सर, तुमी आसं कावून केलं?”

मी माफी मागायला तोंड उघडलं.

“माफी ऱ्हाऊ द्या. तेलगावला गाडी कवा हाय ते बघा.”

आजीनं बाजरीच्या भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. आर्टिस्ट, सारिका आणि मी पहाटेच्या लाल गाडीनं निघालो. सोबत नव्यानं मांजरपाट ताणलेली चौकट, जी सीटच्या मधल्या जागेत मावत नव्हती. कंडक्टर म्हणाला, हे सामान टपावर टाका. आर्टिस्ट म्हणाले, “तिच्यात बाई बसायची हाय.” कंडक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी हात जोडले. बीडला गाडी बदलली, वडवणीवरून तेलगावला उतरलो, तिथून रिक्षानं उसाच्या फडावर.

मुकादमाला आमचं येणं मुळीच आवडलं नाही. “सांजच्याला गाडी भरायची हाय, आन् तुमी बाईला फोटूला बसवताव?”

“बसवायचं न्हाई,” आर्टिस्ट म्हणाले. “तिला तिचं काम करू द्या. पोरगी बघंल.”

मंदानं लेकीला पाहिलं, कोयता टाकला, तिला पोटाशी धरलं, आणि मुकादम खाकरल्यावर कोयता परत उचलला. मग ती सरीमधून ऊस तोडत पुढं सरकायला लागली आणि सारिका समोरून उलट्या पावलांनी, तिच्याकडं बघत. चौकट धरायला कुणी नव्हतं, म्हणून मी धरली. सारिका थांबली की मी थांबायचं, वाकली की वाकायचं. उसाची पानं माझ्या हातांवर रेघोट्या ओढत होती. चष्म्यावर पाचटाची कुसळं. “सर, हालताय तुमी,” सारिका मध्येच म्हणायची. मागून आर्टिस्ट म्हणायचे, “सरकडं बघू नको. आईकडं बघ.” फडावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकजण मंदाला म्हणाली, “मास्तर लई गरीब दिसतो गं.”

दुपारी बैलगाडीच्या सावलीला सगळे जेवायला बसले. मंदा आता थोडी स्थिर बसली होती, आणि सारिका तिचे ओठ काढत होती. ओठ हलू नयेत म्हणून आई बोलायची थांबत होती, पण तिला राहवत नव्हतं.

“दादा, तुमच्या घरी तर भिंती भरल्या आसतील. वहिनीची किती चित्रं काढली?”

“एकबी न्हाई,” आर्टिस्ट म्हणाले.

“कावून वो?”

“रोज समोरच होती.” त्यांनी चटणीत बोट बुडवलं. “काढू, काढू म्हणत ऱ्हायलं. दुकानात गिऱ्हाईकाची कामं. मग ती गेल्यावर काढलं. आधार कार्डावरून.”

मंदाचा घास तोंडातच राहिला. तिनं आपल्या भाकरीचा मोठा तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला. सारिका त्याच वेळी आईकडं बघत होती, आणि तिनं कोळसा उचलून तो चेहरा काढला. मुकादमानं हाक मारेपर्यंत दोन्ही डोळे झाले होते. रंग तिनं शाळेत येऊन भरले.

प्रदर्शन बाजाराच्या दिवशी होतं. आष्टीच्या स्टँडवर दोऱ्या बांधून आम्ही ती मोठी तोंडं ओळीनं टांगली. सारिकाची आई पहिली, दरवाजातून आत येणाऱ्याला समोर दिसेल अशी. सारिका तिच्याखाली उभी राहिली. ती तिथून हलेना.

आर्टिस्टांनी मला आधीच बजावलं होतं, “सर, हार आणू नका. एकबी न्हाई.” पण उद्घाटनाला भागातले एक पुढारी येणार होते. पुढारी येणार आणि हार नाही, हे माझ्या मनाला पटेना. ते दुखावले तर पुढच्या वेळी शाळेची खोली अडेल, छपराचे पत्रे अडतील, असलं काय काय मनात येत होतं. मी चार हार आणले आणि ताटात रुमालाखाली झाकून ठेवले.

पुढारी आले. आमच्याकडं कार्यक्रम कुठलाही असो, सुरुवात प्रतिमापूजनानं होते. त्या माणसानं आयुष्यात अशी हजार उद्घाटनं केली असतील. त्यांना समोर मोठं चित्र दिसलं, बाजूला ताट दिसलं. त्यांनी चपला काढल्या, रुमाल बाजूला सारला, हार उचलला आणि मंदाच्या गळ्यात घातला. हात जोडून डोळे मिटले. मागचे कार्यकर्ते स्तब्ध झाले. ते स्तब्ध झाले म्हणून प्रवासी उठून उभे राहिले. भेळवाल्यानं टोपी काढली. कंट्रोल केबिनमधला माणूस घोषणा करता करता थांबला. सगळं स्टँड शांत झालं.

त्या शांततेत सारिकाच्या आजीचा आवाज आला. “आरं, माझी सून जित्ती हाय की रं.”

पुढं जे झालं ते नीट सांगता येणार नाही. कुणीतरी गावच्या ग्रुपवर हारातल्या मंदाचा आणि हात जोडलेल्या पुढाऱ्यांचा फोटो आधीच टाकला होता. काही मिनिटांत माझा फोन वाजला. मंदा होती. “सर, मी मेले म्हणून समदे फोन करायलेत. मालकालाबी आले. मी उसात हाय.” मी फोन स्पीकरवर ठेवला आणि वर धरला. “ऐका,” मी लोकांना म्हणालो, “त्या बोलतायत.” पलीकडून मंदा म्हणाली, “सारिका, भाकर खाल्लीस का?” लोक हसले. पुढारी बिचारे कानकोंडे झाले. मी त्यांची माफी मागितली, आजीची मागितली, फोनवर मंदाची मागितली.

सारिका हसत नव्हती. टाचा वर करून ती हार काढायला बघत होती. तिचा हात पोचत नव्हता. आर्टिस्टांनी येऊन तो काढला, चित्रावर पडलेल्या दोन पाकळ्या फुंकरीनं उडवल्या आणि हार हातात घेऊन माझ्याजवळ आले. मी मान खाली घातली होती.

“सर,” ते हळूच म्हणाले, “माझ्या हातचं चित्र बिनहाराचं कवा ऱ्हायलंच न्हाई. लोक हारासाठीच घेऊन जातेत. म्हणलं, पोरांची तरी ऱ्हातील.”

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. माफी मागायची माझी सवय ऐन वेळी कामाला आली नाही. आर्टिस्ट हाराचं काय करावं म्हणून इकडंतिकडं बघत होते. बाजारातून विकत घेतलेली एक शेळी कुणीतरी खांबाला बांधून ठेवली होती. तिच्यापुढं त्यांनी हार धरला. तिनं झेंडू खाल्ला आणि दोरा ठेवला.

दिवसभर लोक बघत होते. गाडी चुकवून बघत होते. पाथर्डीकडं निघालेली एक म्हातारी सारिकाला विचारत होती, “ही तुझी माय व्हय? लई थकलीय गं.” सारिका म्हणाली, “हा. दुपारची हाय ती. जेवताना.”

सूर्य कलल्यावर आम्ही चित्रं उतरवली, टेंपोत घातली, मुलं आणि आजी त्याच टेंपोनं गावाकडं गेली. मला खरं सांगायचं तर कधी एकदा पांचाळ आर्टिस्ट गाडीत बसतात असं झालं होतं. माझी पाठ धरली होती, हातांवरच्या रेघा अजून चुरचुरत होत्या, आणि घरी जाऊन कुणाचीही माफी न मागता जेवायचं होतं. बीडची गाडी लागली.

“आर्टिस्ट, बसा.”

“गर्दी लई हाय. फुडच्यानं जातो.”

पुढची आली ती जवळजवळ मोकळी. “ही बघा, रिकामी आहे. हवी ती खिडकी घ्या.”

त्यांनी गाडीकडं पाहिलं. “रिकाम्या गाडीत काय बसायचं,” म्हणाले आणि बाकावर परत टेकले. गाडी गेली. मी कपाळाला हात लावला. आता पुढची कधी ते विचारायला उठत होतो, तेवढ्यात ते समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, “सर, तुमच्या घरी आज काय केलंय?”

मी बाजूला जाऊन बायकोला फोन लावला. आर्टिस्ट जेवायला येतायत म्हणून सांगितलं. ती त्यांना माझ्या तक्रारींवरून चांगली ओळखत होती. तिनं विचारलं, “अहो, जेवून जाणारेत की राहणारेत?”

मी वळून पाहिलं. आर्टिस्ट माझ्या मोटरसायकलच्या कॅरिअरला आपली पिशवी बांधत होते. दोरीचे वेढे त्यांनी उलटसुलट घेतले होते आणि वरून गाठीवर गाठ मारत होते.

“अंथरूण काढून ठेव,” मी म्हणालो.